थर्मो शिकताय? आधी एक धातू निवडा

मेटलर्जीच्या दुसऱ्या वर्षाला थर्मोचा, म्हणजे ऊष्मागतिकीचा, पेपर आला की वर्गातली निम्मी मुलं मॅक्सवेलची समीकरणं पाठ करायला बसतात. मीही बसलो होतो. लेखी परीक्षेत सिद्धता बिनचूक उतरवली. तोंडीला बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, "पांढरं कथील थंडीत करडं का होतं?" समीकरणं सगळी येत होती. त्यात कथील कुठून घालायचं तेवढं माहीत नव्हतं.

पदार्थांची ऊष्मागतिकी नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. माझ्या मते विषय तितका अवघड नाही, पण सुरुवात चुकीच्या टोकाने होते. बरीच पुस्तकं कार्नोच्या इंजिनापासून निघतात, कारण इतिहासात विषय तिथूनच निघाला. पण इंजिन ही मेकॅनिकलवाल्यांची गरज. आपले प्रश्न निराळे: हा धातू कधी वितळेल, हे दोन धातू एकमेकांत विरघळतील का, या खनिजातून कोळशाने धातू सुटेल का? या सगळ्यांना उत्तर देणारी राशी एकच, गिब्ज ऊर्जा. तिथूनच सुरुवात करू. इंजिन नंतर कधीतरी, सवडीने.

साहित्य फार लागत नाही. आलेखवही, पेन्सिल, लॉगरिदमचं बटण असलेला कॅल्क्युलेटर आणि बारावीचं रसायनशास्त्र. एन्थाल्पी-एन्ट्रॉपीचे आकडे पदवीच्या कुठल्याही पुस्तकाच्या परिशिष्टात असतात, अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेचे तक्ते इंटरनेटवर फुकट आहेत. व्याख्यानं हवी असतील तर एनपीटीईएल या मोफत अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आपल्याच आयआयटींमधली आहेत. रोज तासभर दिलात तर दोन-अडीच महिन्यांत पाया होतो. सॉफ्टवेअर मात्र आत्ता उतरवून घेऊ नका.

पहिली पायरी: बर्फ आणि वजाबाकी

एन्थाल्पीतून (ढोबळमानाने पदार्थातली उष्णतेच्या हिशेबातली ऊर्जा) तापमान गुणिले एन्ट्रॉपी (अणूंच्या विस्कटलेपणाचं माप) वजा केलं की उरते ती गिब्ज ऊर्जा. दाब आणि तापमान ठरलेलं असेल तर ज्या अवस्थेची गिब्ज ऊर्जा कमी, ती अवस्था स्थिर. सुरुवातीला एवढंच पुरे.

आता आकडे घाला. एक मोल बर्फ वितळायला ६,०१० जूल लागतात आणि एन्ट्रॉपी केल्विनमागे २२ जूल वाढते. २६३, २७३ आणि २८३ केल्विनला वजाबाकी करा. उत्तरं अनुक्रमे +२२४, +४ आणि −२१६ जूल येतात. पहिलं धन, म्हणजे वितळणं होणार नाही. तिसरं ऋण, म्हणजे होणार. मधलं शून्यच यायला हवं होतं. ते चार जूल उरले, कारण आपण २७३.१५ मधले ०.१५ गाळले.

एन्थाल्पी बर्फाच्या बाजूने ओढते, एन्ट्रॉपी पाण्याच्या बाजूने, आणि एन्ट्रॉपीला किती वजन द्यायचं ते तापमान ठरवतं. हे वाचून पटतं, पण डोक्यात बसतं ते आलेख काढल्यावर. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर गिब्ज ऊर्जा घ्या. बर्फाची रेघ आणि पाण्याची रेघ दोन्ही खाली उतरतात, पाण्याची जास्त तीव्र उताराने, कारण रेघेचा उतार म्हणजेच उणे एन्ट्रॉपी. जिथे दोन्ही छेदतात तो वितळणबिंदू.

नवख्यांच्या निम्म्या चुका दोनच असतात: तापमान सेल्सिअसमध्येच ठेवणं, आणि एन्थाल्पी किलोजूलमध्ये व एन्ट्रॉपी जूलमध्ये असताना तशीच वजाबाकी करणं. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मी पाचव्या वर्षाच्या पीएचडीवाल्यांनाही हे करताना पाहिलंय.

आलेख काढायचा आग्रह माझा एकट्याचा नाही. येल विद्यापीठातल्या विलार्ड गिब्ज यांनी १८७३ मध्ये ऊष्मागतिकी आकृत्यांतून मांडणारे निबंध छापले. ते वाचून खुद्द मॅक्सवेल यांनी स्वतःच्या हाताने त्या पृष्ठभागाचं प्लास्टरचं मॉडेल बनवलं आणि एक प्रत अटलांटिकपार गिब्जना पाठवली. ज्यांच्या नावाची समीकरणं आपण घोकतो, त्या माणसालाही आकार हाताने घडवून बघावासा वाटला होता.

दुसरी पायरी: सहा धातू कागदावर वितळवा

वितळण्याची एन्थाल्पी भागिले वितळणबिंदू, म्हणजे वितळण्याची एन्ट्रॉपी. तांब्याचे १३.३ किलोजूल आणि १,३५८ केल्विन, उत्तर ९.८. चांदी ९.१, शिसं ७.९, जस्त १०.६, ॲल्युमिनियम ११.५. वितळणबिंदू दुपटीहून जास्त बदलले तरी हा आकडा साधारण आठ ते बारा जूलमध्येच घुटमळतो. कारण सरळ आहे: नीट रचलेले अणू विस्कटण्याचं काम सगळ्या धातूंत जवळपास सारखंच असतं.

सहावं कथील घ्या: ७.०३ किलोजूल, ५०५ केल्विन. उत्तर १३.९. रांगेबाहेर गेलं. सिलिकॉनचं काढाल तर ३० च्या आसपास येईल. बंध जितके कमी धातूसारखे, तितकी वितळताना रचना जास्त मोडते. कथील धातू आणि अर्धधातूच्या उंबरठ्यावर बसलंय, हे या एका भागाकारातून दिसतं.

तिसरी पायरी: कथील का बदलतं

आता त्या तोंडी परीक्षेच्या प्रश्नाकडे. कथलाची दोन रूपं आहेत: आपल्या ओळखीचं पांढरं, आणि हिऱ्यासारख्या रचनेचं ठिसूळ करडं. तक्त्यातून २९८ केल्विनचे आकडे घ्या. करड्याची एन्थाल्पी पांढऱ्यापेक्षा २,१०० जूलने कमी. एन्ट्रॉपी पांढऱ्याची ५१.२, करड्याची ४४.१, फरक ७.१. भागाकार केला की २९६ केल्विन येतात, म्हणजे २३ अंश सेल्सिअस.

पण प्रत्यक्षात हा बदल १३.२ अंशांना होतो. दहा अंश कुठे गेले? तक्त्यात "२.१ किलोजूल" असं गोळाबेरीज लिहिलंय. खरा आकडा ६०-७० जूलने कमी असला तरी तापमान दहा अंशांनी सरकतं. दोन अवस्था ऊर्जेने इतक्या जवळ असतात तेव्हा तक्त्यातला दशांशही महाग पडतो. साठ-सत्तर जूलची चूक स्फटिकांच्या अशा बदलांत सगळं चित्र हलवते, ऑक्साइड विघटनात मात्र जाणवतही नाही. कुठल्या गणितात किती अचूकता लागते, हा अंदाज या विषयात सूत्रांपेक्षा जास्त कामाला येतो.

दुसरी गंमत घरातली. नाशिकला, महाबळेश्वरला थंडीत पारा १३ च्या खाली जातोच. मग पितळी पातेल्यांची कल्हई भुकटी होऊन का गळत नाही? कारण ऊष्मागतिकी फक्त कुठे जायचं ते सांगते, कधी पोचणार ते सांगत नाही. करड्या रूपाचा पहिला कण जन्मावा लागतो, त्याला जागा २७ टक्के जास्त लागते, आणि शून्याच्या बऱ्याच खाली गेल्याशिवाय हा बदल वेग धरत नाही. कथलात शिसं, अँटिमनी, बिस्मथ यांचा अंश असला तर आणखी अडतो. हिऱ्याचंही तेच: घरातल्या तापमानाला ग्रॅफाइट त्याच्यापेक्षा मोलमागे २.९ किलोजूलने स्थिर आहे, पण अंगठीतल्या हिऱ्याची पेन्सिल झालेली कुणी पाहिलेली नाही.

"ऋण आलं म्हणजे होणारच" असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. "ऋण आलं म्हणजे होऊ शकतं" असं लिहा.

चौथी पायरी: जस्त, आणि "नॉट"चा घोळ

इथे थांबा आणि आठवडाभर राहा. माझ्या मते जस्ताइतका चांगला शिक्षक दुसरा धातू नाही.

जस्ताचं ऑक्साइड अधिक कोळसा, उत्तर जस्ताची वाफ अधिक कार्बन मोनॉक्साइड. तक्त्यातून एन्थाल्पीचा फरक काढा: सुमारे ३,७०,४०० जूल. एन्ट्रॉपीचा फरक: सुमारे ३०९ जूल प्रतिकेल्विन, भलामोठा, कारण दोन घन पदार्थांतून दोन वायू निघाले. भागाकार १,१९८ केल्विन, म्हणजे ९२५ अंशांच्या आसपास. आता जस्ताचा उत्कलनबिंदू बघा: ९०७ अंश. म्हणजे भट्टीत धातू तयार होतो तो वाफ होऊनच. भट्टी उघडी असली तर वाफ वर जाते, थंड होते, कार्बन डायऑक्साइड भेटला की पुन्हा ऑक्साइड होते. हाती पांढरी भुकटी. तांबं आणि लोखंड हजारो वर्षं वितळवणाऱ्या माणसाला जस्त इतक्या उशिरा का साधलं, ते या दोन आकड्यांत आहे.

ते साधलं राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावरला. तिथल्या मध्ययुगीन भट्ट्या उत्खननात सापडल्या आहेत. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, एका भट्टीत ३६, तोंड खाली करून बसवलेल्या. आच वर, गारवा खाली. वाफ खाली उतरते आणि हवा न लागता थेंब होऊन पडते. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने खाली उतरणाऱ्या वाफेच्या अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. जावरच्या कारागिरांनी गिब्ज वाचला नव्हता, पण भट्टीची रचना बघा, समीकरणाच्या दोन्ही बाजू त्यांनी नीट सांभाळल्यात.

आता घोळ. वर आपण जे शून्य धरलं ते "डेल्टा जी नॉट", म्हणजे मानक स्थितीतला फरक: जस्ताची वाफ एक वातावरण दाबाने, मोनॉक्साइडही एक वातावरण दाबाने. पण मुशीत एकूण दाबच एक वातावरण आहे. दोन्ही वायू समान प्रमाणात निघतात, म्हणजे प्रत्येकाचा वाटा अर्धा. खरा फरक काढायचा तर नॉटच्या आकड्यात आर (वायू स्थिरांक, ८.३१४) गुणिले तापमान गुणिले दाबांच्या गुणाकाराचा नैसर्गिक लॉगरिदम मिळवायचा. अर्धा गुणिले अर्धा, ०.२५, त्याचा लॉग −१.३८६, गुणिले ८.३१४, म्हणजे केल्विनमागे −११.५ जूल. पुन्हा भागाकार करा: ३,७०,४०० भागिले ३२०.८, उत्तर १,१५५ केल्विन, ८८० अंशांच्या थोडं वर. सूत्र तेच, तापमान चाळीसएक अंशांनी खाली आलं. भट्टीतला वायू सतत ओढून घेतलात तर आणखी खाली येईल. निर्वात भट्टीचं तत्त्व हेच.

डेल्टा जी आणि डेल्टा जी नॉट यांतला फरक ज्याला कळला त्याला निम्मा थर्मो कळला, असं मी बिनधास्त म्हणेन. नॉट हा तक्त्यातला आकडा. काय घडेल ते नॉटशिवायचा सांगतो.

हे झालं की एलिंगहॅमची आकृती उघडा, आधी नको. हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये ती मांडली. प्रत्येक ऑक्साइडसाठी एक रेघ, एक मोल ऑक्सिजनच्या हिशेबाने. बहुतेक रेघा वर चढतात, कारण ऑक्सिजन वायू खर्ची पडतो आणि एन्ट्रॉपी घटते. कार्बनपासून मोनॉक्साइडची रेघ मात्र खाली उतरते: एक मोल वायू आत, दोन मोल बाहेर. ही एकटी उतरती रेघ तापमान वाढवत नेलं की एकेका धातूची रेघ ओलांडत जाते. तांबं लवकर, कथील आणि लोखंड त्यानंतर, जस्त आपण पाहिलं तसं. ॲल्युमिनियमची रेघ इतकी खाली आहे की कार्बनला तिथवर जायला २,००० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून ॲल्युमिनियम विजेने काढतात, १८८६ पासून. आकृतीत जस्ताची रेघ ९०७ अंशांना एकदम वर वाकते. का वाकते, ते आता तुम्हीच सांगा.

पाचवी पायरी: दोन धातू मिसळा

इथून पुढे फेज डायग्राम, म्हणजे कुठल्या तापमानाला आणि कुठल्या प्रमाणाला मिश्रण कोणत्या अवस्थेत असेल त्याचा नकाशा. बहुतेकजण तो तयार मिळतो तसा वाचायला शिकतात. मी म्हणेन, एकदा स्वतः तयार करा.

एक काल्पनिक जोडी घ्या. दोन्ही धातूंना एकमेकांचा शेजार नकोसा आहे. तो नकोसेपणा मोजणारा आकडा, ओमेगा, २०,००० जूल धरा. मिसळण्याची एन्थाल्पी म्हणजे ओमेगा गुणिले दोन्हींचे मोल-अंश. मिसळण्याची एन्ट्रॉपी म्हणजे प्रत्येक मोल-अंश गुणिले त्याचा नैसर्गिक लॉगरिदम, दोन्हींची बेरीज, गुणिले उणे आर. १,००० केल्विनला मिसळण्याची गिब्ज ऊर्जा काढा. दहा टक्क्यांना −९०३, वीसला −९६०, तीसला −८७९, चाळीसला −७९५, पन्नासला −७६३ जूल. पन्नासच्या पलीकडे तेच आकडे उलट्या क्रमाने. आलेखवहीत बिंदू जोडा. उंटाच्या पाठीसारखी मधे उंचवटा असलेली रेघ दिसेल, दोन खळगे १७ आणि ८३ टक्क्यांना.

आता पट्टी घ्या आणि दोन्ही खळग्यांना खालून एकाच वेळी टेकवा. ही सामाईक स्पर्शरेषा. निम्मं-निम्मं मिश्रण एकजीव राहिलं तर −७६३, दोन भागांत फुटलं तर −९६८. फुटण्यात दोनशे जूलचा फायदा आहे, म्हणून ते फुटतं. पट्टी टेकते ते दोन बिंदू हीच फेज डायग्रामवरच्या सीमेची टोकं. तापमान वाढवून हेच पुन्हा करा, टोकं जवळ येतील. १,२०३ केल्विनला, म्हणजे ओमेगा भागिले दोन आर, उंचवटा नाहीसा होतो. सोनं आणि निकेल असंच वागतात: वर तापमानाला एकजीव, खाली आलं की फारकत.

चार तापमानांचे चार आलेख काढायला एक रविवार जातो. त्या रविवारानंतर फेज डायग्राम पाठ करावा लागत नाही.

लीव्हर नियम (कुठली अवस्था किती भाग आहे ते काढायचा) आणि प्रावस्था नियम (प्रावस्था म्हणजे फेज) इथे आपोआप येतात, त्यांवर वेगळा वेळ घालवू नका. स्थिर दाबाला घटक वजा प्रावस्था अधिक एक, म्हणजे स्वातंत्र्याचे अंश. दोन घटक, तीन प्रावस्था, स्वातंत्र्य शून्य: म्हणून युटेक्टिक, म्हणजे त्या जोडीतलं सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, गोठताना तापमान जागचं हलत नाही.

सहावी पायरी: सोल्डर

आता खरी जोडी, शिसं आणि कथील. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरची तार. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कथील २३२ ला, आणि वजनाने ६१.९ टक्के कथील असलेलं मिश्रण १८३ लाच. लीव्हर नियम तपासून घ्यायला ४० टक्के कथील घ्या: १८३ च्या जरा वर द्रव ६१.९ चा, घन सुमारे १९ चा, म्हणजे २१ भागिले ४२.९, जवळपास निम्मं द्रव. शिरा जमत आलेल्या कढईसारखी अवस्था. कमी कथलाच्या अशा सोल्डरचा हा लगदा शिशाच्या नळांचे सांधे हाताने आकार देत बसवायला प्लंबरांना सोयीचा पडे. सर्किट बोर्डवर मात्र तो नको, तिथे झटकन गोठणारं युटेक्टिक हवं.

आधी वजनाचे टक्के मोल-अंशात बदला. ६१.९ भागिले ११८.७, ३८.१ भागिले २०७.२. कथलाचा मोल-अंश ०.७३९ येतो. इथे वजनाचे टक्केच सूत्रात घालणारे खूप असतात.

मग विचारा: कथील आणि शिसं एकमेकांना परके नसते, मिश्रण आदर्श असतं, तर या प्रमाणाला कथील कधी गोठायला लागलं असतं? सूत्र एका ओळीचं आहे. मोल-अंशाचा लॉगरिदम, भागिले वितळण्याची एन्थाल्पी, गुणिले आर, हा आकडा वितळणबिंदूच्या व्यस्तातून वजा करायचा. लॉग −०.३०२५. व्यस्त ०.००१९८० अधिक ०.०००३५८. उत्तर ४२८ केल्विन, म्हणजे १५५ अंश.

खरं १८३. अठ्ठावीस अंशांची चूक, पण फेकून देऊ नका. कथील आदर्शापेक्षा वरच्या तापमानाला गोठतंय, म्हणजे द्रवात त्याला करमत नाहीये, बाहेर पडायची घाई आहे. उलट गणित करून ४५६ केल्विनला द्रवातल्या कथलाची ॲक्टिव्हिटी (मोल-अंशाऐवजी सूत्रात घालायचं परिणामकारक प्रमाण) काढली तर ०.८३५ येते. तिला ०.७३९ ने भागा: १.१३. एकाहून मोठा, म्हणजे नकोसेपणा आहे. त्यातून ओमेगा काढा, साधारण ६,८०० जूल. पाचव्या पायरीत जो आकडा आपण हवेतून घेतला होता, तो इथे एका वितळणबिंदूतून हाती आला.

शिशाच्या बाजूने हेच करायला जाल तर जरा जपून. घन कथील जवळपास शुद्ध असतं म्हणून वरचं गणित चाललं. युटेक्टिक तापमानाला घन शिशात मात्र २९ मोल-टक्के कथील विरघळलेलं असतं, त्याला शुद्ध धरता येत नाही. तरीही शुद्ध धरून एकदा करून बघा. ओमेगा ७,२०० च्या आसपास येईल, दिसायला अगदी छान जुळणारा. तो का फसवा आहे, हे दुसऱ्याला समजावता आलं तर पुढे जा.

सॉफ्टवेअर, आता

आता पायकॅलफॅड उतरवून घ्या. पायथनमध्ये चालतं आणि फुकट आहे. थर्मो-कॅल्कचीही विद्यार्थ्यांसाठी मोफत आवृत्ती मिळते. हे सगळे प्रोग्रॅम तुम्ही आलेखवहीत केलं तेच करतात, पट्टी टेकवतात, फक्त दहा घटकांमध्ये आणि क्षणात. पहिल्याच दिवशी स्टेनलेस स्टील मागू नका. शिसं-कथलाचा डेटाबेस शोधा, १८३ येतंय का बघा, मग त्या फाइलीत द्रवाची नोंद उघडा. ओमेगाच्या जागी तापमानानुसार बदलणाऱ्या संज्ञांची मालिका दिसेल. त्यातली पहिली संज्ञा ४५६ केल्विनला किती होते ते काढा आणि वहीतल्या ६,८०० शेजारी लिहून ठेवा.